कादंबरीकाराची उसनवारी

प्रतिभा असली की माहितीची गरज उरत नाही, माहिती गोळा करणे हे वार्ताहराचे काम, लेखकाचे नव्हे, असे एक मत आपल्या वर्गातल्या चर्चांतून आणि वाङ्मय मंडळाच्या बैठकांतून नेहमी ऐकू येते. ऐकायला ते मोठे छान वाटते. लेखक म्हणजे कोणी दैवी देणगी लाभलेला पुरुष, तो डोळे मिटतो आणि त्याला सारे दिसते! परंतु ज्या कादंबऱ्या आपण अभ्यासाला लावतो, ज्यांच्यावर प्रश्नोत्तरे लिहितो, त्या कशा लिहिल्या गेल्या हे पाहू गेले तर हे मत टिकत नाही. लेखकाने डोळे मिटण्याआधी बराच काळ ते उघडे ठेवलेले असतात.

आपल्या भाषेपुरते बोलायचे तर मराठी कादंबरी जन्माला आली तीच मुळी चौकशी करीत. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाले. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावच्या विधवांची स्थिती पाहते, ऐकते. कलाकृती म्हणून त्या पुस्तकात उणिवा पुष्कळ आहेत. लेखकाचा धर्मप्रचाराचा हेतूही लपून राहत नाही. तरीही त्याची बांधणी लक्षात घेण्यासारखी आहे. घराबाहेर पडावे, लोकांना विचारावे आणि मग लिहावे, ही गोष्ट आपल्या पहिल्याच कादंबरीने सांगून ठेवली आहे.

या बाबतीत जगभर ज्याचे उदाहरण दिले जाते तो लेखक म्हणजे फ्रान्सचा एमिल झोला. खाणकामगारांवर कादंबरी लिहायचे त्याने ठरविले. 1884 च्या फेब्रुवारीत उत्तर फ्रान्समधील आंझँ येथील कोळसा खाणींत संप सुरू झाला, तेव्हा तो तिकडे गेला. तो स्वतः खाणीत उतरला, कामगारांच्या घरांत गेला, आणि जे दिसेल ते टिपत राहिला. त्याची ती टिपणे आजही उपलब्ध आहेत. पुढच्याच वर्षी, 1885 साली, ‘जर्मिनाल’ पुस्तकरूपाने आली. या कादंबरीत खाणीत गाड्या ओढणारा एक म्हातारा घोडा आहे. घोडे लहानपणीच खाली उतरविले जात आणि मग त्यांना पुन्हा सूर्य दिसत नसे. ही गोष्ट पॅरिसमध्ये घरी बसून कोणाला सुचली असती काय? आणि एकदा ती कळल्यावर, माणसांच्या हालांविषयी वेगळे भाषण करण्याची लेखकाला गरज तरी काय उरली? तो घोडाच सारे सांगून जातो.

माझा मुद्दा येथेच आहे. कादंबरीतला तपशील म्हणजे साडीला लावलेली जर नव्हे. पुष्कळांची समजूत अशी असते की आधी कथानक रचावे आणि मग त्याला स्थानिक रंग यावा म्हणून चार झाडांची, चार भांड्यांची नावे पेरावीत. प्रत्यक्षात तपशील कथानकाला वळण लावतो, कधी कधी लेखकाच्या हातातून ते काढूनही घेतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने आली. माडगूळकर माणदेशातले. त्यांनी स्वतः खेड्यात शाळामास्तर म्हणून काम केलेले होते. मास्तर वाडीत येतो, शाळा भरते, लोक श्रमदानाने तालीम उभी करतात. शहरातल्या लेखकाने येथेच झेंडे लावून कादंबरी संपविली असती. पण माणदेश म्हणजे अवर्षणाचा मुलूख. पाऊस नाही म्हणजे चारा नाही, चारा नाही म्हणजे मेंढरे नाहीत आणि मेंढरे नाहीत म्हणजे धनगराची वाडी नाही. वाडी उठून जाते. हा शेवट लेखकाने बसून रचलेला वाटत नाही. त्या मातीनेच तो ठरवून ठेवलेला आहे. जो त्या मातीला ओळखतो, त्यालाच तो लिहिता येतो.

उलट उदाहरण द्यायचे तर फार लांब जायला नको. महाविद्यालयांच्या नियतकालिकांतून गरिबांवरच्या कथा दरवर्षी येतात. विडी वळणाऱ्या बाईवरच्या दोन-तीन कथा माझ्या वाचनात आल्या. सगळ्यांत ती बाई मिणमिणत्या दिव्याखाली बसते, खोकते, डोळ्यांतले टीप तंबाखूत पडते आणि शेवटच्या परिच्छेदात ती मरते. आमच्या घरात विड्या वळल्या जातात, म्हणून या कथा वाचताना मला प्रश्न पडला की लेखकाने विडी वळताना कोणाला पाहिले तरी आहे काय? पाने आदल्या रात्री भिजवावी लागतात, ती ओल्या फडक्यात बांधून ठेवावी लागतात, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने एकेक पान कापावे लागते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांशी दोरा. मजुरी हजारावर. पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शाखेत माल तपासला जातो आणि तपासणारा माणूस नापसंत विड्या बाजूला काढतो. त्याला ‘छाट’ म्हणतात. छाटाचे पैसे मिळत नाहीत. पाने निकृष्ट मिळाली तर भरती करण्यासाठी बाईला पदरचे पैसे घालून पाने आणावी लागतात. शाखेच्या त्या फळीपुढे रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे, तपासनिसाशी कोणी किती बोलायचे, कोणी गप्प राहायचे, उद्या पाने बरी मिळावीत म्हणून आज कोणता अपमान गिळायचा, यात एक नव्हे, दहा कथा आहेत. त्यात विनोदही आहे, कारण या बायका तपासनिसाची नक्कल अशी करतात की हसून मुरकुंडी वळावी. एक दुपार शेजारी बसून काढली असती तर लेखकाला हे सारे मिळाले असते. न पाहता लिहिले म्हणून हाती फक्त अश्रू आले. पाहण्याचे कष्ट टाळले की दया तेवढी शिल्लक राहते, आणि आमच्या आयांना कोणाची दया नको आहे.

यावर कोणी म्हणेल, मग ज्याचे जळते त्यालाच कळते. बाहेरच्याने लिहूच नये. हे मला मान्य नाही. मालतीबाई बेडेकर, म्हणजे विभावरी शिरूरकर, यांची ‘बळी’ ही कादंबरी 1950 सालची. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून काही जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात, ‘सेटलमेंट’मध्ये, ठेवले जाऊ लागले. मालतीबाईंनी अशा सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून नोकरी केली होती आणि त्या अनुभवातून मांग-गारुडी लोकांच्या जीवनावरची ही कादंबरी उभी राहिली. पांढरपेशा घरांपलीकडे मराठी कादंबरी फारशी जात नव्हती त्या काळात त्या कुंपणाच्या आत गेल्या, हे त्यांचे मोठेपण आहे. तो कायदा देशभरातून रद्द झाला 1952 साली. कादंबरी त्याच्या आधीची आहे. बाहेरच्याने लिहू नये असा नियम असता तर हे पुस्तक आपल्याला मिळाले नसते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. 1987 साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या अशाच एका जमातीतल्या माणसाने आता स्वतः लेखणी हातात घेतली होती. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. कुंपणाच्या आत हजेरी कशी घेतली जाते हे अधिकाऱ्याला दिसते. पोलीस दाराशी आल्यावर पोराच्या पोटात काय होते हे त्या पोरालाच ठाऊक असते. मालतीबाईंनी खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. पण हजेरी घेणारा आणि हजेरी देणारा यांना एकच गोष्ट दोन बाजूंनी दिसते. बाहेरून आलेल्या लेखकाने आपण कोणत्या बाजूला उभे आहोत याचे भान ठेवले पाहिजे. ज्याच्याकडून माहिती घ्यायची तो आपल्यापुढे मोकळा बोलतो आहे की साहेब म्हणून बोलतो आहे, हे ओळखता आले पाहिजे.

म्हणूनच या व्यवहाराला मी उसनवारी म्हणतो. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती परत करण्याची आपल्याकडे रीत आहे. लेखक दुसऱ्याच्या जगण्यातून शब्द उचलतो, दुःख उचलतो, हुन्नर उचलतो. त्याचे नाव होते, पुस्तक अभ्यासक्रमाला लागते. ज्याच्याकडून घेतले त्याला काय मिळते? पैसा क्वचितच. निदान एवढे तरी मिळावे की त्याने ते वाचले, किंवा कोणी त्याला वाचून दाखविले, तर ‘हे आमचेच आहे’ असे त्याला म्हणता यावे. 1902 च्या ऑक्टोबरात झोलाच्या अंत्ययात्रेला खाणकामगारांचे एक शिष्टमंडळ आले होते आणि ते ‘जर्मिनाल! जर्मिनाल!’ असा घोष करीत चालले होते. कोणत्याही समीक्षकाच्या अभिप्रायापेक्षा ही पावती मला मोठी वाटते. उसने घेतलेले परत पोचल्याची ती खूण होती.

माहितीचा अतिरेक होतो हेही खरे. काही ऐतिहासिक कादंबऱ्यांत दागिन्यांच्या, पोशाखांच्या आणि पक्वान्नांच्या याद्याच इतक्या असतात की माणसे त्यांखाली गुदमरतात. पण तो दोष माहितीचा नाही, ती न पचल्याचा आहे. शिवाय इतिहासातली माणसे उठून ‘असे नव्हते हो’ असे सांगू शकत नाहीत, म्हणून तेथे जबाबदारी जास्त. रणजित देसाईंनी ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडले. साधनांची चिकित्सा करणारा अभ्यासक कादंबरीच्या दारातच उभा करणे हा मला लेखकाचा प्रामाणिकपणा वाटतो.

आज खिशातल्या फोनवर वाटेल ती माहिती क्षणात मिळते. विडी कशी वळतात याची चित्रफीतही मिळेल. मात्र तपासनिसापुढे गप्प राहायचे कधी, हे त्या चित्रफितीत दिसणार नाही. त्यासाठी माणसाजवळ जाऊन बसावे लागते, आणि आपण ठरवून गेलेली कथा त्याच्या एका वाक्याने मोडली तर ती मोडू द्यावी लागते.

माझ्या बरोबरीच्या मित्रमैत्रिणींना, विशेषतः ज्यांच्या घरातून कॉलेजात येणारे ते पहिलेच आहेत त्यांना, मला एवढेच सांगायचे आहे. आपल्या घरात जे बोलले जाते, जे काम केले जाते, ते साहित्यात बसत नाही अशी समजूत करून घेऊन आपण कादंबऱ्यांतले समुद्र आणि चांदण्या उसन्या आणतो. आपल्या आईवडिलांच्या हातात जे ज्ञान आहे ते मिळविण्यासाठी मोठमोठ्या लेखकांना खाणीत उतरावे लागले, नोकऱ्या कराव्या लागल्या. आपल्याला ते चुलीशेजारी मिळते. ते आधी आपण लिहावे. आणि आपल्या प्राध्यापकांना नम्र विनंती अशी की, पुढच्या वर्षी कथास्पर्धेचे विषय देताना एक अट घालावी: कथेतले काम कथालेखकाने निदान एकदा तरी जवळ बसून पाहिलेले असावे. कथा कदाचित थोड्या येतील. पण त्यांतली माणसे शेवटच्या परिच्छेदापर्यंत जिवंत राहतील.