पाऱ्याचा सेल आणि मीटरची सुई

जहाजावर नोकरीस असलेल्या मामांनी आणलेला, आणि घरच्या लग्नमुंजींपासून पिंगुळीच्या चित्रकथींपर्यंत सारे काही ज्याने टिपले, तो 'ऑलिंपस ओएम-1' कॅमेरा कुडाळच्या बाजारात दाखविला असता, 'याचा सेल आता येत नाही, शोभेला ठेवा' असा निकाल मला ऐकावा लागला. तो मला सर्वथैव अमान्य आहे.

ज्या सेलवाचून हे यंत्र अडले, तो '625' क्रमांकाचा पाऱ्याचा सेल 1.35 व्होल्टचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ अढळ राखीत असे, आणि त्या स्थैर्यावर इतबार ठेवूनच आतल्या प्रकाशमापकाची रचना झाली होती. पाऱ्यावर मनाई आली ती योग्यच. जपानमधील मिनामाता येथे पारा भिनलेली मासळी खाऊन शेकडो कुटुंबे उद्ध्वस्त झाली, त्या गावाच्या नावाने 2013 साली आंतरराष्ट्रीय करार झाला व 2018 मध्ये भारतानेही तो मान्य केला. मासळीवरच जगणाऱ्या आमच्या मुलखाने त्याविषयी कुरकुर करणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

प्रश्न उरतो तो पर्यायाचा, आणि तेथेच सर्रास चूक होते. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल बसतो खरा, पण तो नवा असताना 1.5 व्होल्टच्या पुढे असतो, त्यामुळे मापकाची सुई प्रत्यक्षात नसलेला उजेड दाखविते व फोटो काळवंडतात. पुढे दाब रोज थोडाथोडा उतरत जात असल्यामुळे ही तफावत एकदा मोजून वजा करण्याचीही सोय राहत नाही. पेंटॅक्सच्या 'स्पॉटमॅटिक'सारख्या काही कॅमेऱ्यांत दाबातला फरक सोसण्याची तरतूद मुळातच असते. माझ्या कॅमेऱ्यात ती नाही. कानाच्या मशीनचा '675' सेल दाबाला जवळपास जुळतो, मात्र चिकटपट्टी काढून हवा लागली की वापरा अगर न वापरा, दोनतीन महिन्यांत संपतो. म्हणून माझे मत घड्याळातल्या चांदीच्या सेलला: त्याचा दाब 1.55 असला तरी स्थिर असतो, आणि तो बसविण्यासाठी घालायच्या पितळी कड्यात बारीकसा शॉट्की डायोड डकवला की वरचा दाब तेथेच गळून जातो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाही कारागिराला हे जमण्याजोगे आहे.

चैत्रातल्या भर दुपारी अंगणातल्या जांभ्याच्या भिंतीकडे कॅमेरा रोखला, तेव्हा अल्कलाइनवर सुई मध्यावर आणण्यास 250 चे शटर लागले. त्याच उन्हात, कड्यातल्या चांदीच्या सेलवर ती 125 लाच मध्यावर आली, आणि मोबाइलमधील मापकाचा कौलही तोच पडला.