नदी खालच्या गावाचीही आहे

श्रीगणरायांचे आगमन झाले की करवीरनगरीचे रूप पालटते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून बापट कॅम्पापर्यंत मूर्ती नेणाऱ्यांची रीघ लागते, गौरी आणण्यासाठी सुवासिनी पाणवठ्यावर जमतात, आणि अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर रंगलेली मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी सरत नाही. उत्सव हा ह्या शहराचा स्वभावच आहे आणि तो तसाच राहावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

परंतु ह्या आनंदात अलीकडे एक वाद दरवर्षी न चुकता हजेरी लावतो. मूर्ती कशाची असावी, किती उंच असावी आणि तिचे विसर्जन कोठे व्हावे, हे सरकारने सांगावे काय? एक पक्ष म्हणतो, देव आमचा, नदी आमची, परंपरा आमची. मध्ये पडणारे सरकार कोण? दुसरा पक्ष म्हणतो, नदी मरणपंथाला लागली आहे; कायदा कडक करा आणि दंड वाढवा. आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धेच बोलत आहेत. पहिल्याला पाण्याचा विसर पडला आहे आणि दुसऱ्याला माणसांचा. सणाच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम स्वातंत्र्याचा विचार करू. आपल्या संविधानाने २५ व्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य दिले आहे. पण त्या अनुच्छेदाचा आरंभच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेने होतो. ही मर्यादा मागाहून जोडलेली नाही, ती हक्काबरोबरच जन्मली आहे. पुढे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नद्या, सरोवरे, वने यांचे रक्षण करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. तेव्हा पाण्याच्या रक्षणासाठी नियम करणे म्हणजे धर्मावर घाला, हे म्हणणे टिकणारे नाही. आपल्या घरात, आपल्या देव्हाऱ्यात कोणती मूर्ती बसवावी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. तेथे सरकारचे काहीही काम नाही. पण ती मूर्ती घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेली की प्रश्न एकट्याचा राहत नाही, कारण पाणी घाटावर थांबत नाही.

या संदर्भात इतिहासातील एक दाखला आठवतो. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडन शहराची सारी घाण पोटात घेतलेली थेम्स नदी अशी कुजली की काठावरच्या पार्लमेंटात बसणे सभासदांना अशक्य झाले. दुर्गंधी अडविण्यासाठी पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगले गेले. त्याच वर्षी कायदा झाला आणि बॅझलजेट नावाच्या अभियंत्याने शहराखाली गटारांचे प्रचंड जाळे उभारले. त्याच लंडनमध्ये पुढच्याच वर्षी, १८५९ साली, जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या आगरकरांवर ज्यांचा मोठा प्रभाव होता, तेच हे मिल. व्यक्तीच्या वागण्यात समाजाने हात घालावा तो दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यापुरताच, हे त्यांचे प्रतिपादन. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता आणि एवढा मोठा गटाराचा कायदा एकाच शहरात एकाच सुमारास निपजले, यात आम्हांस काही विसंगती दिसत नाही. दुसऱ्याच्या पाण्यात घाण सोडण्याचे स्वातंत्र्य कोणत्याही स्वातंत्र्यवाद्याने कधी मागितलेले नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेले जिप्सम. पाणी मिळाले की ते पुन्हा घट्ट जिप्सम बनते आणि ते फारच थोडे विरघळते. एका लिटरला जेमतेम दोन ग्रॅम. म्हणजे पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायची तर दोन हजार लिटरांहून अधिक स्वच्छ पाणी आणि पुष्कळ काळ हवा. साचलेल्या तळ्यात ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. त्याहून घातक असतात ते काही रंग, ज्यांतून शिसे आणि क्रोमियम यांसारखे धातू पाण्यात जातात. निर्माल्य कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. शाडूची माती लवकर विरघळते हे खरे. पण तीही फुकट मिळत नाही. ती गुजरातेतून आणावी लागते आणि शेवटी गाळ होऊन तळाशीच बसते. अर्थात निसर्गाला पूर्णपणे निरुपद्रवी असा उत्सव नाही. कमी उपद्रवी आणि अधिक उपद्रवी एवढाच भेद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लॅस्टरची मूर्ती घरच्या घरी विघटित करण्याची आणि त्या द्रावणातून खत मिळविण्याची युक्ती दाखवून दिली आहे. शास्त्र केवळ मनाई सांगत नाही, वाटही दाखविते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पण शास्त्राचे नाव घेणाराने सगळे शास्त्र सांगितले पाहिजे. पंचगंगा मूर्तींमुळे आजारी पडलेली नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला जन्मणारी ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. या ऐंशी-एक किलोमीटरांच्या वाटेवर तिला शहरांचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि कापडावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांचे रंगीत पाणी भेटते. जयंती आणि दुधाळी हे नाले काही अनंत चतुर्दशीपुरते वाहत नाहीत. कसबा बावड्याला दररोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभे राहिले. पण जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याला केंद्र काय करणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांत ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते आणि पंचगंगा त्यांत होती. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नव्या नाहीत, आणि त्या बहुधा उन्हाळ्यातल्या असतात, भाद्रपदातल्या नव्हेत.

येथेच भाविकाच्या मनातला खरा सल आहे. घाटावर घरची हातभर मूर्ती घेऊन आलेल्या गृहस्थाला अडविण्यास कर्मचारी हजर असतात; पण मध्यरात्री नदीत सोडलेल्या रसायनाला कोणी अडविल्याचे त्याच्या पाहण्यात नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला तो १९६९ साली, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी. पाच दशकांहून अधिक काळ कायदा पुस्तकात असून नदीची ही दशा असेल, तर नियमावरचा लोकांचा विश्वास उडाला याचे नवल नाही. दुर्बळाला लागणारा आणि सबळाला न दिसणारा नियम हा नियम नव्हे, तो जाच होय.

तरीही "आधी नाले अडवा, मग आम्हांला सांगा" हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून आपली चोरी पुण्य ठरत नाही. शिवाय हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल तो माणूस घाटावर उभाच नसतो. तो असतो खालच्या गावात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ आली. दूषित पाण्याने हजारो लोक आजारी पडले आणि कित्येकांचे प्राण गेले. कोल्हापूर शहराने मात्र काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी आणण्याचा मार्ग धरला आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचले. शहराची तहान भागली याचा आम्हांलाही आनंद आहे. पण त्याचा दुसरा अर्थ फारसा कोणी बोलून दाखविला नाही. ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून आपण दुसऱ्या खोऱ्यातले पाणी आणले, आणि आपले सांडपाणी मात्र तिच्याकडेच जात राहिले. इचलकरंजीनेही सुळकूडहून दूधगंगेचे पाणी मागितले, तेव्हा तिकडच्या गावांनी कडाडून विरोध केला. प्रत्येक गावाने वरचे स्वच्छ पाणी मागावे आणि खाली घाण सोडावी, असा हा क्रम चालला तर शेवटच्या गावाने कोणाकडे पाहावे? लंडनच्या पार्लमेंटाला नदीची दुर्गंधी स्वतःच्या नाकाने घ्यावी लागली, म्हणून तेथे कायदा तत्काळ हलला. आपल्याकडे नदीची दुर्गंधी एकाला येते आणि नियम दुसराच करतो.

मग नियम कसा असावा? त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यानेच देशाला दिले आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सर्वत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात त्याचे बरगे काढून पुराला वाट मोकळी करतात आणि पाऊस ओसरला की बरगे घालून पाणी अडवितात. नदीचा स्वभाव ओळखून, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच अडथळा, हे त्याचे तत्त्व. नियमही असाच हवा. प्रत्यक्षात काय घडले? केंद्रीय मंडळाने मे २०२० मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांची अंमलबजावणी लगेच वर्षभर पुढे गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या काटेकोर पाळण्याचा आदेश दिला. जूनमध्ये, मंडळाने आपली भूमिका स्पष्ट केल्यावर, अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली. नैसर्गिक जलाशयात विसर्जनास मात्र नाही. जुलैमध्ये पुन्हा सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम तलाव सक्तीचा झाला आणि त्याहून मोठ्या मूर्तींना तात्पुरती सवलत मिळाली. न्यायालयापुढे अडचणी होत्या हे आम्ही जाणतो. पण घरच्या लहान मूर्तीला कुंड आणि मोठ्या मूर्तीला मोकळे पाणी, ही वाटणी सामान्य माणसाला पटवून देणे कठीण आहे.

या हेलकाव्यांत सर्वांत अधिक भरडला जातो तो कुंभार. मूर्तींचे साचे काही श्रावणात भरत नाहीत. काम कित्येक महिने आधी सुरू होते, भांडवल गुंतलेले असते. आपल्याकडच्या मुसळधार पावसात शाडूची मूर्ती वाळता वाळत नाही, वजनाला जड होते आणि नेताना भंगते. प्लॅस्टरची हलकी, स्वस्त आणि झटपट. ज्याचे पोट या कलेवर आहे त्याला नियम सणाच्या तोंडावर कळणे हा अन्याय आहे. पुढच्या वर्षीचा नियम यंदाच्या विसर्जनानंतर लगेच जाहीर व्हावा, तो निदान काही वर्षे बदलू नये, आणि शाडू रास्त दरात व मूर्ती वाळविण्यासाठी कोरडी जागा मिळण्याची सोय शासनाने करावी, एवढी आमची मागणी आहे.

राहता राहिला धर्माचा प्रश्न. गणेशचतुर्थीचे व्रत पार्थिव पूजेचे आहे. पार्थिव म्हणजे मातीचे. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि उत्तरपूजेने ते निरोप घेते, अशी आपली शास्त्रकल्पना आहे. उत्तरपूजा झालेली मूर्ती वाहत्या पाण्यात जावी ही रूढी खरी. पण ती कुंडात गेल्याने देवाचा अवमान होतो, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संस्थांनी विसर्जित मूर्ती दान करण्याची हाक दिली, तेव्हा पुष्कळ वाद झाले. तरी कोल्हापूरकरांनी स्वतःची वाट शोधलीच. घाटावर कुंडे आणि काहिली आल्या, निर्माल्य वेगळे ठेवले जाऊ लागले, रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत मोठ्या मंडळांच्या मूर्तींचे विसर्जन होऊ लागले. उसाचा रस आटविणाऱ्या काहिलीत गणराय विसावतात, यात आम्हांस तरी गोडवाच दिसतो. आणि हे सारे केवळ दंडाच्या भयाने झालेले नाही. शाळा, तालमी, तरुण मंडळे यांनी ते मनावर घेतले म्हणून झाले. स्वातंत्र्याचा याहून चांगला वापर कोणता?

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. नियम असावा, पण तो आधी नाल्याला, कारखान्याला आणि खुद्द शासनसंस्थांना लागू व्हावा, आणि त्यांच्यावरील कारवाईचा हिशेब दरवर्षी सणापूर्वी लोकांसमोर मांडला जावा. भाविकांनीही तो हिशेब हक्काने मागावा. मात्र तो मागताना आपल्या हातची मूर्ती कुंडात ठेवूनच मागावा. ज्याने आपला वाटा उचलला आहे, त्याच्या प्रश्नाला सरकारला उत्तर द्यावेच लागते.

नृसिंहवाडीला दत्तप्रभूंच्या पादुकांसमोर जे पाणी येते, ते आपल्याच घाटावरून गेलेले असते. तेथे स्नानाला उतरणारा यात्रेकरू आणि शिरोळच्या शेतात तेच पाणी पाजणारा शेतकरी, हे दोघे आपल्या मिरवणुकीत नसले तरी आपल्या उत्सवात सहभागी आहेत. विघ्नहर्त्याला निरोप देताना खालच्या गावावर विघ्न सोडू नये, एवढे भान आपण राखले, तर पुढच्या वर्षी लवकर या म्हणताना आपला स्वर अधिक मोकळा होईल. सर्व वाचकांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.