सगळं 'वाय' करा म्हणे!

मंडळी, लिनक्सच्या जगात एक सल्ला प्रसादासारखा वाटला जातो. "स्वतःचा कर्नेल कंपाइल करतोयस ना? मग मॉड्यूलची भानगड कशाला, सगळे ड्रायव्हर 'वाय' करून टाक. एकदम फास्ट!" माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याचा भुर्दंड नवशिक्याला पडतो.

कसा ते बघा. आजकालची बहुतेक वायफाय कार्डं, ग्राफिक्स चिप्स फर्मवेअरशिवाय नीट चालू होत नाहीत. ते ड्रायव्हरनं डिस्कवरून उचलून त्यांना भरवायचं असतं. ड्रायव्हर 'एम' म्हणजे मॉड्यूल असला, तर तो सहसा डिस्क जोडल्यावर येतो आणि 'लिब/फर्मवेअर' मध्ये फाइल त्याला सापडते. 'वाय' वाला मात्र कर्नेलबरोबरच जागा होतो. तेव्हा रूट फाइलसिस्टिम माउंटच झालेली नसते! उत्तर येतं 'एरर -2', म्हणजे अशी फाइल नाही. फाइल तर डिस्कवर आहे, नवशिका दहा वेळा खात्री करतो आणि डोकं धरून बसतो. ग्राफिक्स एएमडीचं असेल तर स्क्रीनच काळा.

सोलापूरकराला हे चटकन कळावं. जुन्या जकार्ड मागावर चादरीची नक्षी येते ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेतून. कार्डं गोदामात कुलूपबंद ठेवून माग सुरू केला तर मोर उमटेल का? माग ठीक आहे, कार्डंही ठीक आहेत. चुकलाय तो क्रम.

आता यावर हुशार मंडळी म्हणतील, "मग फर्मवेअरही कर्नेलमध्येच घाल की! 'एक्स्ट्रा फर्मवेअर' चा पर्याय आहे." आहे ना. पण मग प्रत्येक फाइलचं नाव अचूक लिहा. डिस्ट्रोनं ती दाबून ठेवलेली असेल तर आधी उलगडा. पुढे फर्मवेअरमधली सुरक्षेची चूक दुरुस्त होऊन नवं पॅकेज आलं तरी तुमच्या कर्नेलच्या पोटात जुनंच; पुन्हा कंपाइल करा. आणि तो कर्नेल मित्राला द्यायचा असेल तर? या पर्यायाची मदतच बजावते की जीपीएल नसलेलं फर्मवेअर मिसळून वाटणं परवान्याचा भंग ठरू शकतं, वकिलाला विचारा. घ्या! वायफायसाठी वकील!

हा नुसता हौशी लोकांचा वाद नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज 11 न झेपणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप लिनक्सवर अजून काही वर्षं चालतील. पण पहिल्याच दिवशी वायफाय लागलं नाही तर माणूस म्हणणार, "लिनक्स नको रे बाबा", आणि लॅपटॉप जाणार भंगारात. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ मंडळींनीसुद्धा 2022 मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येऊ दिलं. 2023 च्या डेबियन 12 पासून ते मिळतं. तत्त्व त्यांनी सोडलं नाही, माणसाची अडचण ओळखली.

तेव्हा इनिटरॅमएफएस वापरणार नसाल तर डिस्कचा कंट्रोलर आणि रूटची फाइलसिस्टिम 'वाय', फर्मवेअर मागणारं सगळं 'एम'. इनिटरॅमएफएस वापरत असाल आणि त्यातला ड्रायव्हर फर्मवेअर मागत असेल, तर त्या फाइल्सही त्यातच हव्यात. आणि "सगळं वाय कर" सांगणाऱ्याला एकच विचारा, "फर्मवेअर कुठून येणार?" उत्तर नसेल तर त्याचा सल्ला 'एन' करून टाका.