लेखांची सोय झाली, ग्रंथांचे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली आणि २०२५ च्या जानेवारीपासून देशातल्या ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी तीस प्रकाशकांच्या जवळपास १३,००० नियतकालिकांची दारे उघडली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपयांची. आजवर मोजक्या नामांकित संस्थांपुरते असलेले शोधनिबंध आता जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातही वाचता येतात. हे मोठे काम आहे आणि त्याचे मोकळ्या मनाने स्वागत केले पाहिजे. मात्र ही सोय शोधनिबंधांची आहे. उच्च गणितावरचे, वैद्यकीय प्रतिमाशास्त्रावरचे महागडे आणि मोजक्या वाचकांचे ग्रंथ तिच्या बाहेर राहिले, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही केली नाही. निबंध मिळाले की ज्ञान मिळाले, ही समजूत त्यामागे असावी. ती चुकीची आहे.

सीटी स्कॅनचा इतिहास पाहावा. क्ष-किरण शरीरातून एका रेषेत जातो तेव्हा वाटेत तो एकूण किती शोषला गेला, एवढेच बाहेर कळते. म्हणजे हाती येते ती फक्त बेरीज. सर्व दिशांच्या सर्व रेषांवरच्या अशा बेरजा मिळाल्या तर आत कुठे काय आहे हे सांगता येईल का? ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी १९१७ साली या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर सूत्रासकट दिले. त्यांचा जर्मन निबंध लाइपझिगच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात छापला गेला आणि गणितज्ञांच्या वर्तुळातच राहिला. १९५६ साली राडॉन व्हिएन्नात निवर्तले. त्याच वर्षी रोनाल्ड ब्रेसवेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात रेडिओ खगोलशास्त्रासाठी हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. त्याच वर्षी केप टाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात अर्धवेळ काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉर्मॅक क्ष-किरणांच्या निमित्ताने या प्रश्नापाशी येऊन पोहोचले. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता, आणि राडॉनचा तर नव्हताच.

कॉर्मॅक यांचे निबंध १९६३ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रतींसाठी फारशी मागणी आली नाही. जी आली त्यात एक पत्र हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणाऱ्या स्विस केंद्राचे होते. आपण सोडवलेला प्रश्न राडॉनने १९१७ मध्येच सोडवला होता, हे त्यांना काम सुरू केल्यानंतर चौदा वर्षांनी कळले. नोबेल व्याख्यानात त्यांनी ते सांगितले आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी इंग्लंडमध्ये यंत्र बांधले ते राडॉन आणि कॉर्मॅक या दोघांच्याही कामाची माहिती नसताना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. चित्र काढण्यासाठी त्यांनी वापरलेली पायरीपायरीने समीकरणे सोडवण्याची रीत पोलिश गणिती स्टेफान काचमार्झ यांनी १९३७ मध्येच मांडलेल्या रीतीच्या फार जवळची होती.

त्याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. हे रामचंद्रन म्हणजे कोलॅजेनची तिपेडी रचना उलगडणारे आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारणारे. मिळालेल्या बेरजा जशाच्या तशा मागे पसरवल्या तर चित्र धूसर येते; प्रत्येक दिशेच्या बेरजा आधी ठरावीक रीतीने फिल्टर करून मग पसरवल्या तर ते स्पष्ट होते. हा फिल्टर कसा असावा, हे त्या दोघांनी कमी आकडेमोडीत बसेल अशा रूपात दाखवले. ‘रॅम-लॅक’ हे त्याचे नाव आजही जगभरच्या प्रतिमा-प्रक्रियेच्या संगणकप्रणालींत आहे. तो रोज वापरणाऱ्या आपल्या किती अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना त्या नावामागची माणसे ठाऊक असतात?

या सगळ्या निबंधांपैकी एकही गहाळ झालेला नव्हता. प्रत्येक निबंध छापील स्वरूपात कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात होता. नव्हता तो त्यांना एका जागी आणून, एका भाषेत मांडून, दुसऱ्या शास्त्रातल्या माणसाला आत घेणारा ग्रंथ. तो पुढे आला. गॅबर हर्मन यांचा ग्रंथ १९८० मध्ये आला, फ्रांक नाटरर यांचा १९८६ मध्ये, अविनाश काक आणि माल्कम स्लेनी यांचा १९८८ मध्ये. काक-स्लेनी यांच्या ग्रंथाइतका पहिल्या वाचनाला योग्य ग्रंथ या विषयात दुसरा नाही, असे आमचे मत आहे. लेखकांनी तो इंटरनेटवर मोफत ठेवला आहे, हे आणखी मोलाचे.

ग्रंथ नेमके काय करतो, हे नाटरर यांच्याकडे पाहिले की कळते. या विषयात एक अस्वस्थ करणारे प्रमेय आहे. दिशा कितीही घ्या, त्यांची संख्या मर्यादित असेल तर अशा आकृती असतातच ज्यांच्या त्या सर्व दिशांतल्या बेरजा शून्य येतात. यंत्राला त्या दिसत नाहीत, आणि कोणत्याही चित्रात मिसळल्या तरी मोजमाप बदलत नाही. नुसते हे प्रमेय सांगणारा निबंध हाती पडला तर सीटी स्कॅनवरचा विश्वासच उडेल. नाटरर तिथे थांबत नाहीत. अशा अदृश्य आकृती मुख्यतः अतिसूक्ष्म, झपाट्याने चढउतार होणाऱ्या तपशिलांच्या असतात, म्हणून किती बारकाव्यापर्यंत चित्रावर भरवसा ठेवायचा असेल तर किती दिशा घ्याव्या लागतील, हे ते मांडतात. मोजमापातली लहान चूक चित्रात किती मोठी होते आणि काही कोनांतून मोजताच आले नाही तर काय बिघडते, याचीही स्वतंत्र प्रकरणे आहेत. शेवटी लागणारे गणित एकत्र दिले आहे. जेमतेम सव्वादोनशे पानांत भीती कुठवर खरी आणि कुठून अनाठायी, हे वाचकाला कळते.

आज अशा ग्रंथांची गरज वाढली आहे. कमी मोजमापांवरून चित्र पूर्ण करण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले जात आहे. मोजमापातल्या नगण्य बदलानेही अशा न्यूरल नेटवर्कने तयार केलेले चित्र मोठ्या प्रमाणात बिघडू शकते आणि बारीक रचना नाहीशा होऊ शकतात, हे २०२० मध्ये व्हेगार्ड आंतुन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांच्यापैकी बेन अ‍ॅडकॉक आणि आंदर्स हान्सेन यांनी पुढच्याच वर्षी या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला. रुग्णाच्या चित्रात गाठ आहे की ती यंत्राने भरलेली आहे, हा प्रश्न ज्या अभियंत्याच्या हाती आहे त्याने ताजे दहा निबंध वाचून भागणार नाही.

यावर ग्रंथपालांचे म्हणणे असे की, ही पुस्तके वर्षभरात कोणी नेत नाही आणि परदेशी किंमत परवडत नाही. किमतीची तक्रार खरी आहे. पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या निघतात, विशेषज्ञ ग्रंथांच्या क्वचितच. ‘एन-लिस्ट’ या सरकारी योजनेतून महाविद्यालयांना ई-पुस्तके मिळतात, पण विषयवार निवडलेला राष्ट्रीय संग्रह ही वेगळी गोष्ट आहे. वापराचा निकष मात्र आम्हाला मान्य नाही. अशा ग्रंथाचे काम दहा वर्षांत एका माणसाला वेळेवर सापडणे हे असते.

योजनेची सध्याची मुदत २०२७ अखेर संपते. पुढच्या टप्प्याची बोलणी करताना प्रकाशकांकडे ग्रंथांचीही मागणी करावी. मूळ तरतुदीचा एक टक्का म्हणजे ६० कोटी रुपये होतात. तेवढ्यात गणित आणि उपयोजित शास्त्रांतले निवडक ग्रंथ सर्व संस्थांना कायमचे मिळवून देण्याचा प्रयत्न करता येईल. निवड समितीत गणितज्ञांबरोबर रेडिओलॉजिस्ट, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणक अभियंतेही असावेत.

शिवाय आपले ग्रंथ आपणच लिहून घ्यावेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून हे करून दाखवले आहे. लोराँ श्वार्त्झ, कार्ल लुडविग झीगेल अशा पाहुण्यांनी व्याख्याने द्यायची, तरुण गणितींनी टिपणे काढायची आणि संस्थेने ती छापायची. श्वार्त्झ यांच्या व्याख्यानांची टिपणे एम. एस. नरसिंहन यांनी काढली, आणि पुढे ते स्वतः जगन्मान्य गणिती झाले. ती सारी टिपणे आज संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. वैद्यकीय प्रतिमांच्या गणितावर अशीच एक व्याख्यानमाला मुंबईत किंवा पुण्यात, एखाद्या रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागाला सोबत घेऊन, येत्या शैक्षणिक वर्षात सुरू करायला काहीच अडचण नाही.