विश्लेषण : बदलापूरचे घर स्वस्त, की फक्त हप्ता कमी?

ठाण्यापलीकडे घर घेणाऱ्या बहुतेकांचे गणित सारखेच असते. मुलुंड-भांडुप परवडत नाही, डोंबिवलीत मनासारखे मिळत नाही, म्हणून बदलापूर. बदलापूरही हाताबाहेर गेले की वांगणी, नेरळ. पश्चिम रेल्वेवर हाच शोध नालासोपारा-विरार ओलांडून सफाळे, पालघरपर्यंत पोहोचला आहे. बिल्डरच्या फलकावर ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे ठळक लिहिलेले असते. ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे मात्र लिहिलेले नसते.

या गणितात कर्ज असते, मुद्रांक शुल्क असते, पार्किंगचे पैसेही असतात. वेळेचा रकाना तेवढा रिकामा राहतो. तो भरून पाहायला हवा.

हप्ता वाचला, तास किती गेले?

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. जलद लोकलला साधारण दीड तास लागतो. घर ते स्टेशन रिक्षा, पुलावरची गर्दी आणि उतरल्यावर कार्यालयापर्यंतची बस किंवा पायपीट धरली की एका बाजूचे दोन तास होतात. दिवसाचे चार, महिन्याच्या २५ दिवसांचे १००. वर्षाचे १,२०० तास, म्हणजे सलग ५० दिवस आणि ५० रात्री. मुलुंडहून निघणाऱ्यालाही प्रवास चुकत नाहीच. त्याचे दिवसाला दोन तास जातात असे धरले, तर बदलापूरकराचे जास्तीचे तास महिन्याला ५० राहतात.

आता समजा, लांब गेल्यामुळे कर्ज ३० लाखांनी कमी लागले. मुदत २० वर्षे आणि व्याज साडेआठ टक्के धरले तर हप्ता महिन्याला सुमारे २६ हजारांनी कमी होतो. म्हणजे जास्तीच्या प्रत्येक तासामागे ५२० रुपये वाचले. एकटाच कमावता असेल तर हा व्यवहार वाईट नाही, आणि लोक काही वेडे म्हणून लांब जात नाहीत. पण पती-पत्नी दोघेही मुंबईत नोकरीला जात असतील तर तास दुप्पट होतात आणि वाचणारी रक्कम तासाला २६० वर येते. त्यातून स्टेशनची रिक्षा, सोसायटीच्या देखभाल खर्चात शिरलेला टँकर आणि पाळणाघराचे वाढीव तास वजा करायचे. कर्जातला फरक ३० ऐवजी १० लाखांचाच असेल, तर दोघांच्या प्रवासात तासाला ९० रुपयेही पदरात पडत नाहीत.

थोडक्यात, घर स्वस्त झालेले नसते. हप्त्याचा काही भाग पैशांऐवजी तासांत भरला जात असतो. बँक त्याची पावती देत नाही एवढेच.

हे तास घरात सारखे वाटलेही जात नाहीत. नोकरदार बाईचा दिवस पहाटे डब्यापासून सुरू होतो आणि परतीच्या लोकलमध्ये भाजी निवडताना पुन्हा स्वयंपाकाशी जोडला जातो. त्या भाजी निवडण्याचे कौतुक आपण फार केले. बसून ओट्याशी जे काम झाले असते ते चालत्या गाडीत करावे लागते, याला जिद्द म्हणण्याआधी जरा थांबायला हवे. मूल झाल्यावर अनेक घरांत आधी तिचीच नोकरी सुटते, आणि ज्या दोन पगारांवर कर्ज मंजूर झाले होते त्यातला एक जातो.

गर्दीचे उत्तर फक्त जादा लोकल हेच आहे का?

९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकलनाही स्वयंचलित दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. दरवाजे हवेत, यात वाद नाही. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही. आत जागा नसते आणि पुढच्या गाडीतही ती नसणार हे त्याला ठाऊक असते.

जादा गाड्या सोडायला रूळ लागतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण सुरू झाली, तीही अनेक मुदती उलटल्यावर. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ च्या ‘एमयूटीपी ३ए’ टप्प्यात मंजूर झाली. तोवर याच दोन रुळांवरून लोकल, पुण्याकडच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. एखादी मालगाडी बंद पडली की अंबरनाथपासून कर्जतपर्यंतचा अख्खा पट्टा खोळंबतो. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. तेव्हा या मार्गाला दुसरा पर्याय नाही हे साऱ्या देशाने पाहिले. इथले रहिवासी ते दर पावसाळ्यात पाहतात.

आणि समजा, मार्गिका झाल्या. मग तिथले घर आणखी सोयीचे म्हणून विकले जाईल, आणखी इमले उठतील आणि नव्या रुळांवर नवी गर्दी येईल. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. घरे लांब आणि कामे एका टोकाला, ही मांडणी कायम ठेवून कितीही गाड्या वाढवल्या तरी त्या अपुऱ्याच पडणार.

मग मांडणी बदलायचे कुणाला सुचले नव्हते?

सुचले होते, आणि फार आधी. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. नुसती घरे बांधून भागणार नाही, कामही तिकडे गेले पाहिजे, हा तिचा गाभा होता. राज्य सरकारने स्वतः पुढाकार घेऊन आपला कारभार तिकडे हलवावा, म्हणजे बाकीचे मागोमाग जातील, अशी अपेक्षा होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण मंत्रालय हलले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले. दक्षिण मुंबईचा भार थोडा हलका झाला, पण बदलापूर-विरारकडून पाहिले तर ते दुसरे नरिमन पॉइंटच.

नवी मुंबईत आज नोकऱ्या आहेत, ऐरोली-महापेकडे कल्याण-डोंबिवलीतून हजारो लोक रोज जातात. पण त्यांनाही लोकलने जायचे तर ठाण्याला जाऊन गाडी बदलावी लागते. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग २०१६ च्या ‘एमयूटीपी ३’ मध्ये आहे. कळव्यातल्या बाधितांच्या पुनर्वसनापाशी तो वर्षानुवर्षे अडला.

पालिका असूनही शहर का होत नाही?

हा भाग मला सर्वांत काळजीचा वाटतो, कारण त्यावर बोलणे कमी होते. सकाळी सहाला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला आपल्या प्रभागात काय चालले आहे हे कळणार कधी? त्याचा दिवस दुसऱ्या शहरात जातो. आपल्या शहरात त्याची झोप होते आणि रविवार जातो. पालिकेला असा नागरिक सोयीचा असतो.

कल्याणजवळच्या २७ गावांचेच पाहा. १९८३ मध्ये ती कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या ये-जा काळात तिथे इमारती उठत राहिल्या. पाणी, मलनिःसारण आणि रस्ते यांची जबाबदारी नेमकी कुणाची, हे ठरत राहिले. भरीस भर म्हणून महापालिका आणि बदलापूरची नगरपालिका, दोन्हींची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे प्रशासकाच्या हाती गेली.

घर घेताना कागदपत्रे नीट तपासा, असा सल्ला सगळे देतात. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींत घर घेणाऱ्यांनी ती तपासली होती. महारेराचा नोंदणी क्रमांकही होता. ती नोंदणीच पालिकेच्या बनावट परवानग्यांवर मिळवलेली निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. घर जाण्याच्या भीतीत जगणाऱ्यांत कर्ज काढून हप्ते भरणारी कुटुंबे आहेत.

आजारपणातही हेच. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत, पण रुग्ण गंभीर झाला की त्याला बऱ्याचदा कळव्याला पाठवले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा तिथल्या व्यवस्थेवर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र शहापूर-बदलापूरपर्यंतचे रुग्ण एकाच पालिकेच्या रुग्णालयावर का येऊन पडतात, हा प्रश्न चार दिवसांत मागे पडला.

करता येण्यासारखे काय आहे?

कार्यालयांच्या वेळा बदलण्याचा उपाय सर्वांत स्वस्त. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या शेकडो आस्थापनांना तशी विनंती केली. टपाल खात्याने आधी होकार दिला, बाकी प्रतिसाद कोमटच राहिला. विनंतीवर हे होणार नाही. सर्वांत मोठा मालक राज्य सरकार आहे, त्याने आधी आपल्या कार्यालयांपासून सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट कल्याण विकास केंद्राची. २७ गावांपैकी दहा गावांत ‘एमएमआरडीए’ने ते आखले आहे. ते पुन्हा घरांचाच प्रकल्प ठरू नये, यासाठी पहिल्या इमारती कार्यालयांच्या हव्यात, आणि त्याही सरकारी. विक्रीकर, शिक्षण, सहकार, जमाबंदी अशा ज्या कामांना मंत्र्यांच्या दालनाशेजारी बसावे लागत नाही, त्यांची कार्यालये कल्याणला आली तर तिथे रोज येणारे कर्मचारी बहुतेक आसपासचेच असतील. सरकार आले की त्यामागे वकील, सल्लागार, बँका आणि खानावळी आपोआप येतात, हे दक्षिण मुंबईत पाहून झाले आहे.

यासाठी नवे रूळही टाकावे लागत नाहीत. सकाळी साडेआठला सीएसएमटीहून कल्याणकडे सुटणाऱ्या लोकलमध्ये आजही खिडकीजवळ बसायला जागा मिळते.