गोळी रात्रीची, हिशेब सकाळचा

झोपेची गोळी मागणारे रुग्ण आमच्या ओपीडीत रोज येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : हिने झोप लागेल ना? औषधाचा रेणू घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला मात्र आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा माणूस सकाळी वेळेवर आणि शुद्धीत उठेल ना? अमेरिकेतील मर्क कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ पॉल कोलमन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे याच प्रश्नाशी झगडत होते.

या कामाची सुरुवात झाली ती १९९८ साली. त्या वर्षी दोन संशोधक गटांनी मेंदूतला एक रासायनिक निरोप्या स्वतंत्रपणे शोधला. एका गटाने त्याला ‘ओरेक्सिन’ म्हटले, दुसऱ्याने ‘हायपोक्रेटिन’. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात दिसून आले की, चालता-खेळता अचानक कोसळून झोपणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा निरोप घेणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. २००० साली नार्कोलेप्सी या निद्राविकाराच्या रुग्णांच्या मेंदूत ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्याचे आढळले. म्हणजे ओरेक्सिन आपल्याला जागे ठेवते. मग ज्याला झोप येत नाही, त्याचा हा निरोप रात्रीपुरता अडवला तर?

जुन्या गोळ्यांचा मार्ग वेगळा आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम ही औषधे मेंदूचे कामकाज सरसकट मंदावतात. त्यामुळे झोप लागते, पण स्मृती आणि तोलही ढळतो. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठतो, पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो, हे आम्ही वॉर्डात पाहतो.

ओरेक्सिन अडवण्याची कल्पना सोपी होती, रेणू घडवणे अवघड. लाखो संयुगे तपासून सुरुवातीचा एक रेणू हाती आला. पण तो आतड्यातून रक्तात उतरला पाहिजे, यकृताने लगेच मोडता कामा नये, मेंदूत शिरला पाहिजे आणि सकाळपर्यंत ओसरलाही पाहिजे. एक गुण सुधारावा तर दुसरा बिघडतो. या शर्यतीत पुढे असलेले दुसऱ्या कंपन्यांचे अल्मोरेक्संट २०११ मध्ये अखेरच्या टप्प्यातील चाचण्यांत असताना सोडून द्यावे लागले.

मर्कचे सुवोरेक्संट तगले, तरी सकाळचा प्रश्न पुरता सुटला नाही. त्याची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे बारा तास लागतात. कंपनीला ४० मिलिग्रॅमपर्यंतचा डोस हवा होता. अमेरिकेच्या औषध नियामकाने दुसऱ्या दिवशी गाडी चालवतानाच्या गुंगीवर बोट ठेवले. ऑगस्ट २०१४ मध्ये मान्यता मिळाली ती १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याच्या आणि २० च्या पुढे न जाण्याच्या अटीवर. माझ्या मते नियामकाचे बरोबर होते. झोपेच्या औषधाची परीक्षा सकाळी होते.

आपल्याकडे ही परीक्षा घेतली जाते का? अल्प्राझोलम आणि झोल्पिडेम ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळी घेणारे आणि शेजारणीची अर्धी गोळी मागून घेणारे रुग्ण मला भेटतात. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. दोन मिनिटांत रुग्ण तपासून गोळी लिहिणारे आम्ही डॉक्टरही त्यात आहोत. घोरणे, नैराश्य, दुखणे, संध्याकाळचा चहा किंवा दारू यांची चौकशी राहूनच जाते. औषधाविना निद्रानाशावर इलाज करणारी वर्तनोपचार पद्धत आहे, हेही सांगितले जात नाही.

रोज गोळी घेत असाल तर ती आज अचानक बंद करू नका; त्याने त्रास वाढू शकतो, फिटही येऊ शकते. स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा : ही किती दिवस घ्यायची, कशी कमी करायची, आणि सकाळी मी गाडी चालवू का?