सहल आणि स्नेह

एका वर्गात वर्षानुवर्षे शेजारी बसूनही कित्येक मुले एकमेकांना ओळखत नाहीत. हजेरीतील नाव, परीक्षेतील क्रमांक आणि बाकावरील जागा एवढाच त्यांचा परिचय असतो. या परिचयाचे स्नेहात रूपांतर व्हावयाचे असेल, तर शाळेने मुलांना घेऊन चार भिंतींबाहेर पडले पाहिजे, असे माझे मत आहे. या बाबतीत ज्यू लोकांच्या शाळांपासून आपणांस पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

इस्राएलमध्ये वार्षिक सहल हा शालेय जीवनाचा नित्याचा भाग आहे. तेथील अनेक शाळांची मुले मसादा हा प्राचीन किल्ला पाहावयास जातात. मृत समुद्राच्या काठी वाळवंटात हा डोंगर पाण्याच्या पातळीपासून 400 मीटरांहून अधिक उंच उभा आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हेरोद राजाने त्यावर वाडे बांधले व खडकात पाण्याची मोठमोठी टाकी खोदविली. वर जाणारी वाट इतकी नागमोडी आहे, की तिला सापाचेच नाव पडले आहे. ऊन चढण्यापूर्वी माथा गाठावा म्हणून पुष्कळ लोक पहाटेच्या अंधारातच चढू लागतात. अशा वाटेवर परीक्षेतील क्रमांक कामास येत नाही. तेथे कामास येतो पुढे केलेला हात आणि वाटून घेतलेले घोटभर पाणी. गणितात मागे पडणारा मुलगा येथे दमलेल्या सोबत्याचे ओझे उचलतो, तेव्हा त्याची खरी योग्यता साऱ्यांच्या ध्यानात येते.

धर्माचार पाळणाऱ्या ज्यू मुलांची सहल शनिवारला जोडून असली, म्हणजे तिला आणखी एक विशेष प्राप्त होतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस असतो. त्या काळात प्रवास नाही, चूल पेटविणेही नाही. साहजिकच स्वयंपाक आधी उरकावा लागतो आणि त्या कामाला सर्वांचे हात लागतात. मग एकत्र भोजन, गाणी आणि निवांत गप्पा! आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत, परंतु शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणूनच त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. काम थांबले, की माणसाला माणसाकडे पाहण्यास सवड मिळते.

कोणी म्हणतील, सहलीतही मुले आपापल्या मित्रांचेच घोळके करून बसतात. शिवाय ज्यांच्या घरी पैसा नाही, त्यांना मागेच राहावे लागते. हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु हा दोष सहलीचा नसून ती योजणाऱ्यांचा आहे. पाणी आणणे, वाढणे, भांडी घासणे या कामांसाठी एरवी न बोलणाऱ्या मुलांच्या तुकड्या पाडल्या, तर घोळके मोडतात. आणि एकाही मुलाला पैशासाठी मागे ठेवून काढलेली सहल वर्गाला जोडीत नाही, तोडते.

शब्बाथ संपताना ज्यू लोक अनेक वाती एकत्र वळलेली मेणबत्ती लावतात. वाती अनेक, पण ज्योत एक! मुलांनो, तुमची पुढची सहल ठरेल, तेव्हा खेळांचा आणि खाऊचा विचार अवश्य करा. पण त्याआधी आपल्यापैकी कोण येत नाही आणि का येत नाही, याची चौकशी करा.